वैशालीचं नाव काढलं

८ सप्टेंबर, सोमवार
स्टाफ मीटिंग. चहा आला, बिस्किटं आली नाहीत. विषय गंभीर आहे हे तिथंच कळलं.

विद्यापीठाचं परिपत्रक. जे विद्यार्थी वर्गात येतच नाहीत त्यांचे प्रवेश बारा तारखेपर्यंत पोर्टलवर रद्द करा, नंतर बदल होणार नाही. म्हणजे जूनमध्ये आम्ही सगळे प्राध्यापक मोटरसायकलींवर मागे बसून जऊळक्यापासून किन्हीराजापर्यंत फिरलो, "फक्त सही करा, फोटो आमी काढून घेतो" म्हणत पोरं गोळा केली (पोरं नसतील तर आमच्या खुर्च्याही नाहीत), ती आता मोकळी सोडायची. जूनमध्ये धरायची, सप्टेंबरात सोडायची.

प्राचार्य म्हणाले, "फोन करा, विचारा, रिमार्क लिहा. पण गोड बोला." बी.ए. दुसऱ्या वर्षाची यादी माझ्या गळ्यात. का, तर "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे." तेवीस वर्षं मराठी शिकवल्याचं फळ.

गुडघा ठणकतो, नेहमीप्रमाणे.

९ सप्टें., मंगळवार
सकाळपासून फोन. कान गरम झाला.

एक बाप : "तो तं दीड वर्ष झालं पुन्याले कंपनीत हाय. तुमच्याइथं हाय काय तो?" आहे हो. आमच्याकडे त्याचं ओळखपत्रही आहे.
एक मुलगी, कुजबुजत : "मॅडम, आत्ता पाहुने आलेत मले पाह्यले. जमलं तं नाव काढा, नाई जमलं तं राहू द्या. संध्याकाळी सांगते." संध्याकाळी फोन बंद. जमलं असावं.
एक आई : "कोन्तं कॉलेज?"

किन्हीराजा, वैशाली अंभोरे. ही मला आठवते. लग्न झालेली, चार वर्षांची मुलगी आहे. हिला आम्ही धरून आणली नव्हती, गेल्या वर्षी स्वतः चालत आली होती. दुसरा बाक, खिडकीकडून. यंदा तीन आठवडे पत्ता नाही. फोन सासऱ्यानं उचलला. मागे मळणीयंत्राचा आवाज, मी ओरडून बोलले, "वैशालीचं नाव काढायचं आहे, तुमची हरकत नाही ना?"
"हरकत कायची मॅडम! काढू द्या न नाव. आमच्या सात पिढ्यांत कोनी काढलं नाई. तिनं काढलं तं आमाले आनंदच हाय."

रिमार्क लिहिला : "पालकांची आनंदाने संमती."

दिवसभरात एवढा खूश झालेला हा एकच माणूस. सून घरी परत मिळाली की सासरा असा फुलतो. सात पिढ्यांत कोणी कॉलेज सोडलं नाही म्हणे. सात पिढ्यांत कॉलेजला गेलं होतं कोण?

११ सप्टें., गुरुवार
ऑफिसातले धोटेभाऊ पोर्टलवर नावं काढत बसले होते, मी शेजारी यादी वाचत होते. एक नाव, एक बटण. अंभोरे आली तेव्हा धोटेभाऊ थांबले. "ही तं येत होती मॅडम. फी पन भरली होती टायमावर."
मी म्हटलं, सासऱ्याचा आनंद का मोडता? हसले. दाबलं.

बारा तारखेच्या आधी काम संपवणारी जिल्ह्यात मी एकटीच असणार. प्राचार्यांनी पाठ थोपटली. शब्दांनी.

१८ सप्टें., गुरुवार
वर्गात गेले. दुसरा बाक, खिडकीकडून. वैशाली.

तास घेतला. काय शिकवलं, विचारू नये. संपल्यावर तिला व्हरांड्यात थांबवलं. सासूचं खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, ही तिकडे महिनाभर दवाखान्यात. तिचा स्वतःचा मोबाइल नाही, म्हणून कॉलेजात नंबर सासऱ्याचा. मैत्रिणीच्या वह्या मागवून उतरवून काढल्यात. दाखवल्या. माझ्या फळ्यापेक्षा अक्षर बरं.

विचारलं, "मी फोन केला होता घरी. सासरे काही बोलले का?"
ओढणी तोंडाला लावून हसायलाच लागली. "बाबा तं गावभर सांगून राह्यले मॅडम! कॉलेजातून मॅडमचा फोन आला, वैशाली नाव काढनार हाय म्हने. विहारात सगळ्यांसमोर सांगितलं. मलेच लाज वाटते. मी कायचं नाव काढनार, एटीकेटी हाय माही इंग्रजीत."

तेव्हा कळलं.

तिला खरं सांगितलं नाही. "चांगलं आहे, अभ्यास कर," म्हटलं. असं म्हणून तिथून निघून आलेली बाई मीच.

नाव काढणे. वाक्प्रचार. अर्थ : कीर्ती मिळवणे. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. वाक्यात उपयोगही करून दाखवते.

१९ सप्टें., शुक्रवार
धोटेभाऊंना सांगितलं. त्यांनी पोर्टल उघडलं. तिच्या नावासमोर तांबड्या अक्षरांत "रद्द", आणि बटण जिथं होतं तिथं पांढरी जागा. "जातं मॅडम, पन येत नाई," म्हणाले. नाव नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. फॉर्मची शेवटची तारीख तीस.

प्राचार्यांकडे गेले. सगळं ऐकून पहिला प्रश्न : "लेखी संमती आहे का?" नाही. फोनवरची आहे. आनंदाची आहे.
पेपरवेट फिरवला. मग : "तिच्याकडून एक अर्ज घ्या. घरगुती कारणाने प्रवेश रद्द करावा. तारीख मागची टाका. पुढच्या वर्षी आपण तिला सन्मानानं पुन्हा प्रवेश देऊ. तिचंच हित आहे. एक वर्षानं काय होतं?"

खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मला ते पटत आलं होतं. एक वर्षानं काय होतं. आजारी सासू, लहान पोर, तिलाही जरा विसावा. मनात अर्जाचा मसुदासुद्धा तयार झाला, आणि भाषा चांगली होती.

२० सप्टें., शनिवार
तरी गेले किन्हीराजाला. कॉलेजच्या गावाहून, म्हणजे मालेगावहून, एसटी. अर्जाचा कोरा कागद पर्समध्ये होता, हे इथं लिहून ठेवते.

घर शोधावं लागलं नाही. ज्याला विचारलं तो म्हणाला, "वैशालीच्या मॅडम काय?" नामदेवराव, म्हणजे सासरे, अंगणात सोयाबीन सोंगायला विळे घासत बसले होते. उठले, हात धुतले, खुर्ची पुसली, परत पुसली. शेजारच्या बाईला हाक : "पाह्य व, ह्याच त्या मॅडम! फोनवाल्या!" ती बघायला आली. तिच्यामागून अजून दोघी. सासू आत बाजेवर, तिथून ओरडली, "चायच्या आधनात साखर जास्त टाका, मॅडम शयरातल्या हायेत." आमचं तालुक्याचं मालेगाव शहर झालं.

चहा झाला. नामदेवराव सांगत होते, स्वतः चौथी शिकले, मग ढोरं राखली. मुलगा दहावी नापास, पुण्याला कंपनीत. "पोराचं राह्यलं, म्हनलं सुनेचं तं होऊ द्या. पोरगा म्हनला तीन वर्ष देतो, मंग पुन्याले नेतो तिले. म्हनलं तीन तं तीन. तीन वर्षांत बी.ए. होते न मॅडम?"

होते. एकही वर्ष वाया गेलं नाही तर होते.

म्हणजे "एक वर्षानं काय होतं" याचं उत्तर मला अंगणातच मिळालं, विचारायच्या आधी.

सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. बायकांना वाटलं काही दुःखाची बातमी आहे, उठून गेल्या.

नामदेवरावांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग, "म्हनजे मी हो म्हनलो?"
"तुम्ही वेगळ्या गोष्टीला हो म्हणालात."
"पन म्हनलो मीच न."
"चूक माझी आहे, नामदेवराव."
"तुमी शिकेल मानूस. चूक आडान्याचीच रायते."
माझा अख्खा जन्म टोमणे मारण्यात गेला, आणि हा टोमणा नव्हता.

वैशाली दारात उभी होती, मुलगी कडेवर. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, "फॉर्म कधीपर्यंत हाय मॅडम?" तीसपर्यंत. "मंग दहा दिवस हायेत."

कागद पर्समधून बाहेर आला नाही. गाडीत बसल्यावर फाडला.

२२ सप्टें., सोमवार
विद्यापीठाला पत्र लिहिलं. "सदर विद्यार्थिनीचा प्रवेश माझ्या चुकीमुळे रद्द झाला, तो पूर्ववत करावा." प्राचार्यांनी वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, असं लिहितात का कुठं? 'तांत्रिक त्रुटी' लिहा."
म्हटलं, तांत्रिक काय आहे यात? यंत्र ठीक होतं. मी बिघडले होते.
"तुमची सर्व्हिस किती राहिली?"
आठ वर्षं.
"मग."

धोटेभाऊंनी पोर्टलवर विनंती टाकायला घेतली. कारण निवडा : विद्यार्थ्याची विनंती / दुबार नोंद / मृत्यू / तांत्रिक त्रुटी. "चूक" हा पर्यायच नाही. एवढी मोठी यंत्रणा उभी केली आणि माणूस चुकेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मृत्यू मात्र आला.

शेवटी पोर्टलवर "तांत्रिक त्रुटी" आणि कागदावर "माझी चूक". प्राचार्यांनी सही केली, पण जावक क्रमांक टाकू नका म्हणाले. धोटेभाऊंनी त्यांची पाठ वळल्यावर टाकला. या माणसाला मी अकरा तारखेला गप्प केलं होतं.

रोज सकाळी आठला किन्हीराजाचा फोन. "मॅडम, झालं काय?" नाही झालं. "बरं. ठेवतो."

२४ सप्टें., बुधवार
अमरावती. प्राचार्यांनी ऑन ड्यूटी दिली नाही. "सी.एल. टाका, वैयक्तिक काम आहे." चुकीला एवढं तरी वैयक्तिकपण मिळालं.

एसटीत चार तास. विद्यापीठात तीन टेबलं. पहिल्या टेबलानं दुसरं दाखवलं, दुसऱ्याचा माणूस जेवायला गेलेला. तिसऱ्यावर एक हसतमुख गृहस्थ. "नाव काढलं म्हंजे काढलं मॅडम. कोनी सांगितलं होतं काढाले?"

सांगितलं सगळं. ऐकता ऐकता त्यांचं पोट हलायला लागलं. "थांबा, थांबा," म्हणून शेजारच्या टेबलावरचे दोघे बोलावले. "मॅडम, या दोघायले सांगा." परत सांगितलं. जेवून आलेला दुसऱ्या टेबलाचा माणूस : "काय झालं, काहून हासून राह्यले?" तिसऱ्यांदा सांगितलं.

तिसऱ्यांदा मी आवाज काढून सांगितलं. मळणीयंत्र, नामदेवराव, "सात पिढ्यांत कोनी काढलं नाई", सगळं. जिथं थांबायचं तिथं थांबले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले लोक. मलाही बरं वाटलं, क्षणभर. याची लाज वाटते, बाकी कशाची वाटते त्यापेक्षा जास्त.

"लय भारी किस्सा हाय मॅडम." पत्र घेतलं. सही? "साहेब मीटिंगमध्ये हायेत. वर पाठवतो. पोर्टलवर पाहत राहा."

परतीच्या गाडीत, मी ज्यात विनोदी सदर लिहिते त्या साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन, दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या. म्हटलं यंदा नाही जमत. खुसखुशीत होतं. दिलं नाही.

२६ सप्टें., शुक्रवार
पोर्टल : विचाराधीन.
वैशाली रोज येते. किन्हीराजाहून सकाळची गाडी चुकली तर दुधाच्या गाडीत. वर्गातल्या मुलींना माहीत झालंय. एकीनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "वैशालीताई, तू काहून येते व, तुह्यं तं नावच नाई?" हिनं वही उघडत म्हटलं, "नाव नाई म्हनून तं येतो. तू नाव असून काय करते?"
मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. हसू लपवायला म्हणू या.

२९ सप्टें., सोमवार
फॉर्मची मुदत वाढली. सहा ऑक्टोबर. कोणासाठी वाढली माहीत नाही, आमच्यासाठी नक्की नाही.

दुपारी नामदेवराव स्वतः कॉलेजात. धुतलेला सदरा, खिशाला पेन. ऑफिसच्या दारात चपला काढल्या, धोटेभाऊ घाला घाला म्हणत राहिले. खिशातून चौघडी कागद. स्वतः लिहिलाय, कोणाकडून लिहून घेतला नाही, पाच दिवस लागले म्हणे. अक्षर चौथीतलं, जसं सोडलं होतं तसं.

"मा. प्राचार्य साहेब. मी नामदेव अंभोरे रा. किन्हीराजा लिहून देतो की दि. ९ ला फोनवर माझ्या तोंडातून जो शब्द गेला तो मी वापस घेत आहे. तो शब्द मी चांगल्यासाठी बोललो होतो. तरी माझा शब्द मला वापस द्यावा व सुनेचे नाव जिथल्या तिथे ठेवावे."

प्राचार्यांनी दोनदा वाचला. पेपरवेट नाही फिरवला. म्हणाले, "बसा न तुम्ही." नामदेवराव बसले नाहीत. "काम झालं की बसतो साहेब."

धोटेभाऊंनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, झेरॉक्स करून पोच दिली. पोच त्यांनी पेनच्या मागे खिशात ठेवली आणि वरून हात ठेवूनच जिना उतरले.

अर्ज विद्यापीठाला पुढे पाठवला. प्राचार्यांनी आपण होऊन वर लिहिलं, "शिफारस." एकच शब्द. माझ्या माहितीत त्यांनी कधीही, कशाचीही…

२ ऑक्टोबर, गुरुवार
सुटी. आठ वाजले, फोन नाही. साडेआठ. नऊ. जेवणं झाली तरी फोनकडे कान. सवय लागते वाईट गोष्टीची.

३ ऑक्टो., शुक्रवार
फोन आला. काल नागपूरला गेले होते, दीक्षाभूमीवर. "गर्दी लय होती, आवाज आला नसता तुमाले. आता आवाजाची भीती वाटते मले फोनवर." मग : "झालं काय मॅडम?"
नाही झालं.

६ ऑक्टो., सोमवार
शेवटची तारीख.

वैशाली दहापासून ऑफिसात, धोटेभाऊंच्या शेजारी स्टुलावर. धोटेभाऊ दर थोड्या वेळानं पोर्टल उघडतात. विचाराधीन. विद्यापीठात फोन लावला. हसतमुख गृहस्थ. "अरे मॅडम! तुमचा किस्सा वरपर्यंत गेला बरं का!" किस्सा गेला. फाईल? "फाईल जाईल."

पाच वाजता पोर्टल बंद झालं. धोटेभाऊंनी कागदावरचा फॉर्म भरून घेतला, वर लिहिलं, "निर्णयाच्या अधीन राहून". असा नियम आहे का? विचारलं. "नाई म्हननारा पन नियम नाई दिसून राह्यला," म्हणाले. उद्या स्पीड पोस्टानं जाईल.

वैशाली उठली, म्हणाली, "गाडी हाय साडेपाचची." एवढंच. मुलींचे डबे रिकामे झाले की वाजतात तसा तिच्या पिशवीत डबा वाजत गेला.

थकले आहे मी. वयामुळे नाही.

८ ऑक्टो., बुधवार
अंतर्गत चाचणी. प्रश्नपत्रिका नावांच्या हिशेबानं मोजून आल्या होत्या, एक कमी पडली. माझी तिला दिली. मला पाठ होती. मीच काढली होती.

तिनं लिहिलं. मान वर न करता.

९ ऑक्टो., गुरुवार
पेपर तपासले. तिचा सगळ्यांत शेवटी घेतला. मुद्दाम. वीसपैकी पंधरा दिले होते. मग म्हटलं, हे गुण कोणाचे, तिचे की माझ्या चुकीचे? पुन्हा वाचला, लाल पेन हातात न घेता. तेरा होतात. तेरा दिले. दया दाखवायची तर ती आपल्या खर्चानं दाखवावी, तिच्या पेपरवर नाही.

गुण भरायच्या तक्त्यात तिची ओळ नाही. पेपर वेगळा काढून कपाटात ठेवला.

पोर्टल : विचाराधीन.

१० ऑक्टो., शुक्रवार
आठला फोन.

"मॅडम, झालं काय?"
नाही झालं अजून.
"बरं." ठेवला नाही. मागे शेतातले आवाज. मग, "परवा पेपर झाला म्हने तिचा."
झाला.
"किती पडले?"
तेरा.
"कितीतले?"
विसातले.
"आनी लागते किती?"
आठ.
मोजत असावेत.
"मंग पास म्हनू काय मॅडम?"
म्हटलं, नामदेवराव, गावात इतक्यात काही सांगू नका. विद्यापीठाचं यायचंय.
"नाई सांगत. कोनालेच नाई सांगत." मग, "वैशालीले तं सांगू न?"